वाचकांचे प्रश्न : कादंबरीतले संघराज्य आणि त्याची घटना

दोन महिन्यांपूर्वी सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र या सदराकडे आले. सोबत दोनशे पानी वही होती आणि रंगीत पेन्सिलींनी रंगवलेला एक नकाशा होता. मागील अंकात त्या पत्राची पोच दिल्यावर त्याच विषयावर आणखी काही वाचकांनी लिहिले, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न (सांगली) : मी एका काल्पनिक संघराज्यावर कादंबरी लिहीत आहे. बारा प्रांत, तीन धर्म, चार भाषा, पाचशे वर्षांचा इतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी आणि राज्यघटनेची एकशे चाळीस कलमे तयार आहेत. ज्या मित्राला वही वाचायला दिली त्याने "हे गॅझेटिअर झाले आहे" असे म्हणून ती परत केली. काय चुकले असावे?

उत्तर : वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आपल्या मित्राचे म्हणणे कठोर आहे, पण खोटे नाही. आपल्या राष्ट्रात सगळेच शहाणपणाचे आहे. प्रांत जवळजवळ सारख्या आकाराचे आहेत, वरिष्ठ सभागृहात प्रत्येकाचे दहा प्रतिनिधी आहेत, तिन्ही धर्मांना समान दर्जा आहे आणि राजधानी नकाशाच्या बरोबर मध्यावर आहे. एखाद्या समितीने दुपारच्या चहापर्यंत सारे आटोपावे तशी ही घटना झाली आहे. खरी संघराज्ये भांडता भांडता तयार होतात, आणि भांडण मिटवताना कोणी काय सोडले व कोणी काय पदरात पाडून घेतले याच्या खुणा त्यांच्या घटनेत वर्षानुवर्षे दिसत राहतात.

आपल्याच राज्याचे पाहा. दर हिवाळ्यात मंत्रालयातल्या फायलींचे गठ्ठे बांधले जातात, सचिवांपासून शिपायांपर्यंत सारा लवाजमा नागपूरला जातो आणि अधिवेशन आटोपून परत येतो. कारभाराच्या सोयीसाठी ही प्रथा कोणी पाडली नसती. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विदर्भाने एकत्रित मराठी राज्यात यावे म्हणून जी आश्वासने दिली गेली, त्यांत सरकारने ठरावीक काळ नागपुरात मुक्काम करावा आणि वर्षातून किमान एक अधिवेशन तेथे घ्यावे, हे एक होते. परक्या माणसाने नुसते विधिमंडळाचे वेळापत्रक पाहिले तरी तो "हे असे का?" असे विचारील. आपल्या वहीत असा प्रश्न विचारायला एकही जागा सापडत नाही.

आता जरा मोठे उदाहरण घेऊ. स्वित्झर्लंड आपल्याला घड्याळांमुळे आणि हिंदी चित्रपटांतल्या बर्फामुळे माहीत असतो. परंतु काल्पनिक संघराज्य रचणाऱ्याने अभ्यासावा असा याहून चांगला देश मला सुचत नाही. १२९१ मध्ये उरी, श्वीट्स आणि उंटरवाल्डन या डोंगरी मुलखांनी एकमेकांना मदत करण्याचा आणि बाहेरचा किंवा पैसे देऊन पद मिळवलेला न्यायाधीश न स्वीकारण्याचा लॅटिन भाषेत करार केला. पुढे ल्युसर्न, झुरिच, बर्न अशी शहरे एकेक करून येत गेली आणि १५१३ पर्यंत त्यांची संख्या तेरा झाली. त्यांना ना राजा होता, ना राजधानी, ना कायमचे सैन्य. प्रत्येक मुलखाचा, म्हणजे त्यांच्या शब्दांत कँटनचा, प्रतिनिधी घरून सूचना घेऊन सभेला यायचा आणि सूचनेपलीकडचा विषय निघाला की "घरी विचारून सांगतो" म्हणायचा.

अशा सैल गाठीवर धर्माचा ताण आला. झुरिचमध्ये उल्रिख झ्विंग्ली या धर्मोपदेशकाने धर्मसुधारणेचा, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचा, झेंडा उभारला, डोंगरी कँटन जुन्या कॅथलिक पंथाला चिकटून राहिले आणि १५२९ मध्ये दोन्ही सैन्ये कापेल येथे समोरासमोर आली. वाटाघाटी चालू असताना एका बाजूच्या शिपायांनी दूध आणले, दुसऱ्यांनी भाकरी आणली आणि सीमेवर मोठे भांडे ठेवून सगळ्यांनी एकत्र खाल्ले, अशी तिथली आख्यायिका आहे. दोनच वर्षांनी त्याच कापेलला खरी लढाई झाली आणि झ्विंग्ली तीत मारला गेला. नंतरच्या तहाने प्रत्येक कँटनने आपला पंथ आपण ठरवावा असे झाले. आपेनझेल या कँटनला तेही जमेना, म्हणून १५९७ मध्ये ते कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन अर्ध्या कँटनांत वाटले गेले आणि ती वाटणी आजही आहे.

एवढे होऊनही संघ मोडला कसा नाही, याचे एक कारण कादंबरीकाराने टिपून ठेवण्यासारखे आहे. बाडेन, थुरगाउ अशा काही जिंकलेल्या मुलखांवर अनेक कँटनांची सामाईक मालकी होती. त्यांच्या वसुलीचा हिशेब तपासण्यासाठी दर वर्षी बाडेनला सभा भरे आणि एकमेकांना पाखंडी म्हणणारे लोक तेथे एका मेजाभोवती बसून चोपड्या पडताळत. प्रार्थना वेगळी झाली तरी वसुली सामाईक राहिली, आणि घर सोडून कोणी गेले असते तर त्याला आपल्या वाट्यावर पाणी सोडावे लागले असते.

त्यांचे दिवससुद्धा वेगळे होते. पोपने सुधारलेली दिनदर्शिका बहुतेक कॅथलिक कँटनांनी १५८४ मध्ये स्वीकारली. झुरिच आणि बर्नसारख्या प्रोटेस्टंट कँटनांनी ती १७०१ मध्ये मानली. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत सीमेवरच्या दोन शेजारगावांत एकाच सणात दहा दिवसांचे अंतर असे. प्रोटेस्टंट आपेनझेलमधल्या उर्नेश गावात आजही १३ जानेवारीला, म्हणजे जुन्या पंचांगानुसार वर्षाच्या शेवटच्या दिवशी, छातीपाठीवर मोठाल्या घंटा बांधलेले मुखवटेधारी लोक घरोघर गात फिरतात. आपल्या वहीत तिन्ही धर्मांची तत्त्वे चाळीस पानांत मांडली आहेत. त्याऐवजी एखाद्या गावात दोन दिनदर्शिका टांगल्या असत्या तर वाचकाला अधिक कळले असते.

शेवटचे भांडण १८४७ चे. १७९८ मध्ये फ्रेंचांनी एककेंद्री प्रजासत्ताक लादले, ते पाच वर्षांतच कोसळले आणि १८०३ मध्ये खुद्द नेपोलियनला कँटन परत द्यावे लागले. तो भाग येथे एवढ्यावर सोडतो. १८४५ मध्ये सात कॅथलिक कँटनांनी आपला वेगळा संघ केला. बहुसंख्यांनी तो बेकायदा ठरवला आणि १८४७ च्या नोव्हेंबरात युद्ध झाले. ते चार आठवड्यांच्या आत संपले आणि त्यात सुमारे शंभर माणसे मेली. बहुसंख्यांचा सेनापती द्यूफूर याने शत्रूच्या जखमींची काळजी घेण्याचे हुकूम दिले होते; पुढे रेडक्रॉसच्या संस्थापकांत तो दिसतो. १८४८ ची घटना या युद्धातून जन्मली. जिंकलेल्यांना प्रबळ केंद्र हवे होते आणि हरलेल्यांना आपले डोंगर शाबूत हवे होते, म्हणून संसदेची दोन गृहे झाली: एक लोकसंख्येवर, दुसरे कँटनांवर. आजही वरच्या गृहात पूर्ण कँटनला दोन आणि अर्ध्या कँटनला एक जागा आहे, आणि घटनादुरुस्तीला मतदारांचे बहुमत व कँटनांचे बहुमत ही दोन्ही लागतात.

मात्र जिंकणाऱ्यांनी सगळे वाटून दिले नाही. सात जणांच्या मंत्रिमंडळात १८९१ पर्यंत हरलेल्या कॅथलिक रूढीवाद्यांना एकही जागा मिळाली नाही. ती कशी मिळाली हे पाहा. १८७४ च्या नव्या घटनेने ठरावीक सह्या जमवून कोणत्याही कायद्यावर सार्वमत मागण्याचा अधिकार दिला होता. या मंडळींनी तो हत्यारासारखा वापरून एकामागून एक कायदे पाडले आणि अखेर बहुसंख्यांनी कंटाळून योसेफ झेम्प यांना आत घेतले. १९५९ पासून चार मोठ्या पक्षांत दोन, दोन, दोन आणि एक अशी मंत्र्यांची वाटणी रूढ झाली आणि अध्यक्षपद सात जणांत दर वर्षी फिरत राहिले. दुसऱ्या टोकाला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघावरची घटनात्मक बंदी १९७३ च्या सार्वमतापर्यंत टिकली. युद्धाला सव्वाशे वर्षे झाली होती.

तेव्हा सूचना एवढीच, की एकशे चाळीस कलमांतली एकशे पस्तीस कपाटात ठेवा. उरलेल्या पाचांतले निदान एक असे असू द्या की ते वाचून एका प्रांतातल्या म्हाताऱ्याला अजून राग येतो.

प्रश्न (फोंडा, गोवा) : काल्पनिक राष्ट्रात भाषेच्या आणि धर्माच्या सीमा एकच ठेवल्या तर वाचकाला समजायला सोपे जाते. तसे करावे का?

उत्तर : सोपे जाते हे खरे, पण कथा तेथेच संपते. एका प्रांतात एक भाषा आणि एक धर्म असेल तर तो प्रांत म्हणजे केवळ एक छोटे राष्ट्र होते आणि त्यातल्या माणसांना मनातल्या मनात कोणतीच निवड करावी लागत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या जुराची हकीकत सांगतो. बाझलच्या बिशपची सत्ता असलेला हा मुलूख १८१५ मध्ये बर्न कँटनला देण्यात आला, कारण बर्नच्या हातून दुसरे प्रदेश गेले होते आणि त्याची भरपाई करायची होती. बर्न जर्मनभाषक आणि प्रोटेस्टंट, जुरा बहुतांशी फ्रेंचभाषक. वरवर पाहता भाषेचे भांडण. पण जुराचा उत्तर भाग कॅथलिक आणि दक्षिण भाग प्रोटेस्टंट होता. १९७४ मध्ये मतदान झाले तेव्हा उत्तरेने वेगळे कँटन मागितले, आणि फ्रेंच बोलणाऱ्या दक्षिणेने जर्मन बोलणाऱ्या बर्नबरोबर राहणे पसंत केले. १ जानेवारी १९७९ रोजी नवे कँटन अस्तित्वात आले ते निम्म्याच जुराचे. धर्माने भाषेवर मात केली असे म्हणावे, तर सीमेवरच्या मूतिए या सात-साडेसात हजार वस्तीच्या गावात वाद चालूच राहिला. तेथे २०१७ मध्ये झालेले मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झाले, २०२१ मध्ये पुन्हा झाले, आणि गाव जुरात जाण्यासाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली. शाळेचा अभ्यासक्रम, दवाखाना, करपावत्या, गाडीची नंबरप्लेट असे सारे त्या तारखेने बदलायचे. कादंबरीला एवढे गाव पुरे आहे, बारा प्रांतांची गरज नाही.

आपण गोव्याच्या आहात, तेव्हा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आपल्याकडच्या जुन्या मंडळींच्या तोंडून ऐकला असेलच. महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे या प्रश्नावर एकाच घरातली माणसे दोन बाजूंना होती. त्यांना विचारा, टिपणे घ्या. काल्पनिक राष्ट्राला लागणारे बरेचसे साहित्य तेथे मिळेल.

प्रश्न (सोलापूर) : अठराव्या शतकातले मराठा मंडळ हे संघराज्य होते का? त्यावरून काल्पनिक राष्ट्र बेतले तर चालेल का?

उत्तर : बेतायला हरकत नाही, पण संघराज्य म्हणू नका. सातारच्या छत्रपतींचे नाव, पुण्याच्या पेशव्यांचा कारभार आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, नागपूर येथे शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले अशी मांडणी पाहिली की संघराज्याचा भास होतो. आणि बाडेनच्या चोपड्यांशी ताडून पाहावी अशी एक गोष्ट आपल्याकडेही होतीच. १७१९ मध्ये मुघल बादशहाकडून मिळालेल्या सनदांनंतर चौथाईची जी विभागणी बसवली गेली तीत शेकडा पंचवीस राजबाबती छत्रपतींची, सहा सहोत्रा म्हणून पंत सचिवांचे, तीन नाडगौंडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीतल्यांचे आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांचे, असे हिस्से होते, आणि एकाच मुलखात अनेकांचे हक्क गुंतलेले असत. प्रत्येकाचा पाय दुसऱ्याच्या दोरीत अडकवून ठेवण्याची ही युक्ती होती, असे तिचे समर्थन केले जाते.

उणीव निराळी होती. सगळ्या सरदारांना बांधील असेल अशी ठरलेल्या वेळी भरणारी सभा नव्हती, आणि दोन सरदारांचे बिनसले तर ते कोणी व कसे मिटवायचे याचा सर्वमान्य नियम नव्हता. जोपर्यंत पुण्यात वजनदार माणूस होता तोपर्यंत खलित्यांवर आणि वकिलांवर काम निभावले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. मंडळाचा प्रमुख म्हणवणाऱ्याने बाकीच्यांना न विचारता परराष्ट्रनीती इंग्रजांच्या स्वाधीन केली आणि त्याला अडवणारे कोणतेही कलम कोठेही लिहिलेले नव्हते. पुढच्या वर्षी शिंदे आणि भोसले लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावला भोसल्यांनी आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी, असे ज्याने त्याने आपापले तह केले.

मला विचाराल तर या विषयात काल्पनिक कादंबरीसाठी एक उत्तम बीज आहे. अशीच सरदारांची मांडणी घ्या, आणि एका दुष्काळी वर्षी त्यांना नाइलाजाने एकत्र बसून हिशेब करायला लावा. ती सभा नंतर दर वर्षी भरू लागली तर काय होईल ते लिहा. नावे मात्र बदला. नाहीतर निम्मे वाचक आपापल्या घराण्याच्या बाजूने वाद घालण्यात गुंततील, असा अनुभव आहे.

प्रश्न (नाशिक) : संघराज्याचा धर्म एक आणि प्रांताचा वेगळा, असे दाखवले तर ते अवास्तव वाटेल का?

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, धर्मसंस्था प्रस्थापित करणारा कायदा करू नये असे सांगणारी, १७९१ ची आहे. ती धर्म आणि राज्य यांना देशभर वेगळे करण्यासाठी होती असा समज असतो. परंतु तेव्हा ती केवळ केंद्राला लागू होती आणि काही राज्यांत सरकारी पाठबळ असलेली चर्चे खुशाल चालू होती. कनेक्टिकटने आपले १८१८ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने १८३३ मध्ये मोडीत काढले. म्हणजे केंद्राने धर्मापासून दूर राहावे ही मागणी करणाऱ्यांत, आमच्या राज्यातल्या चर्चला हात लावू नका असे म्हणणारेही होते.

मलेशियाची रचना याहून गमतीची आहे. घटनेप्रमाणे इस्लाम हा संघाचा धर्म आहे, पण नऊ संस्थानिक राज्यांत धर्मप्रमुख त्या त्या राज्याचा सुलतान किंवा राजा असतो. हे नऊ जण आपल्यातल्या एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. ज्या राज्यांना राजेच नाहीत, म्हणजे पेनांग, मलाक्का, साबा आणि सारावाक, तेथे राज्यपाल असतात आणि राजाच्या निवडणुकीत त्यांना मत नसते. पाळीपाळीने राजा होणे ही कल्पना आपण वहीत लिहिली असती तर संपादकांनी "फारच ओढूनताणून" असा शेरा मारला असता. नायजेरियात आणखी तिसरे: तेथील उत्तरेकडच्या बारा राज्यांनी १९९९ नंतर शरियतचा फौजदारी कायदा आणला, आणि त्याच देशाच्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी सर्वाधिक मतांबरोबर किमान दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी शेकडा पंचवीस मते मिळवावी लागतात. केवळ उत्तरेच्या किंवा केवळ दक्षिणेच्या जोरावर कोणी गादीवर बसू नये, हा त्यामागचा हेतू.

प्रश्न (पुणे) : राजधानी कोठे ठेवावी, आणि चार भाषांच्या देशाचे नाव नाण्यावर कोणत्या भाषेत छापावे?

उत्तर : राजधानी मध्यावर असावी असा नियम नाही. सिडनी आणि मेलबर्न यांतले कोणीच माघार घेईना, म्हणून १९०१ मध्ये अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या घटनेत राजधानी न्यू साउथ वेल्स राज्यात, पण सिडनीपासून किमान शंभर मैलांवर असावी आणि तोपर्यंत संसद मेलबर्नला भरावी, असे चक्क लिहिले गेले. त्या शंभर मैलांतून कॅनबेरा जन्माला आले आणि संसद तेथे १९२७ मध्ये पोचली. स्वित्झर्लंडने तर घटनेत राजधानी असा शब्दच टाळला आहे. बर्न हे 'संघनगर' आहे, आणि सर्वोच्च न्यायालय तेथून दूर, फ्रेंचभाषक लोझानला आहे.

नाण्याचे उत्तरही तेच देतात. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श या चारांपैकी कोणाचे नाव आधी छापायचे हा वाद नको म्हणून स्विस नाण्यांवर आणि टपाल तिकिटांवर 'हेल्वेटिया' हे लॅटिन नाव असते. ती भाषा आता त्या देशात कोणाचीच मातृभाषा नाही. सांगलीच्या पत्रलेखकांच्या राष्ट्रात अशी एखादी मेलेली भाषा आहे की नाही हे वहीत सापडले नाही. नसेल तर नाणी पाडण्यापूर्वी ती तयार करून ठेवावी.